एका खुर्चीत चौघे

रविवारी सकाळी साडेनऊला ताईच्या बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सत्तावीस माणसं, एक टीव्ही, आणि समोर कुलूप लावलेलं झोपायच्या खोलीचं दार. चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरला होता. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात मीटिंगला हजर असलेल्यांचा आकडा चढत होता. चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा.

पडद्यावर खोलीवाले महाराज बसले होते. दाढी नीट विंचरलेली, मागे कोरी भिंत.

"देह इथेच ठेवतो," ते म्हणाले, "आणि येतो. दार बंद आहे ना?"

"बंद आहे महाराज!" भाऊजी ओरडले. बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवणारा माणूस, त्याला मोठ्यानेच बोलायची सवय.

"आत कोणी नाही ना? जिवंत माणसाची सावलीसुद्धा चालत नाही मला."

"कोणी नाही महाराज!"

पडदा पांढरा झाला. तीन सेकंद. आणि मग महाराज ताईच्या खोलीत होते. खिडकीवरचा तोच निळा पडदा, तेच खिळा निघालेलं कपाट, तोच पलंग, तीच वेताची खुर्ची. खुर्चीच्या पाठीच्या दोन्ही दांड्या महाराजांच्या खांद्यांमागून डोकावत होत्या.

सत्तावीस तोंडांतून एकच आवाज निघाला. शेजारच्या काकूंनी बाजूला बसलेल्या बाईचा दंड इतका घट्ट धरला की तिला रडू आलं. ते भक्तीचं समजलं गेलं.

फोटोवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ताईची धाकटी बहीण. दोन महिन्यांपूर्वी ताईने हे घर घेतलं, पण हिला कामातून सवड झाली नव्हती; आज पहिल्यांदाच आली होती. तिचं लक्ष महाराजांकडे नव्हतं, ताईकडे होतं. ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. श्वास लांब, खोल, पायऱ्या चढून आल्यासारखा. मांडीवर उलटीसाठी प्लॅस्टिकची पिशवी.

"ताई, हे काय? इन्सुलिन घेतलंस का?"

"शुक्रवारी सकाळी शेवटचं." ताईचे ओठ कोरडे पडले होते. "आता लागणार नाही. महाराज स्वतः खोलीत बसणार आहेत ना."

ताईला नवव्या वर्षापासून इन्सुलिन लागत होतं. पस्तीस वर्षांत एक दिवस खाडा नव्हता. वाकून बोलताना फोटोवालीला तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला. हा वास तिने लहानपणी एकदाच घेतला होता, आई ताईला उचलून दवाखान्यात पळाली त्या दिवशी.

"उठ. आत्ता दवाखान्यात जायचं."

ताईने हात सोडवून घेतला. "आज नको गं. इतक्या लोकांना बोलावलंय. आणि मला बरं वाटतंय."

"उलट्या होतायत म्हणे सकाळपासून."

"विष बाहेर पडतंय," भाऊजी मागे न वळता म्हणाले. "महाराजांनी सांगितलंच होतं. इन्सुलिनची पेनं मीच संडासात टाकली, म्हणजे मोह नको."

तेव्हा फोटोवालीने पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. ही भिंत तिने आधी पाहिली होती.

ती पोटासाठी भिंती बनवायची. घरून काम करणाऱ्या लोकांना व्हिडिओ मीटिंगमध्ये आपल्या मागे जे दिसायला हवं असतं, ते. ज्याने आयुष्यात पुस्तक उघडलं नाही त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट, बाथरूमच्या दाराशी बसून मुलाखत देणाऱ्याच्या मागे काचेचं ऑफिस. एक वकील तर दर महिन्याला खिडकीबाहेरची झाडं बदलून घ्यायचा. हे काम कसं चालतं ते तिला पाठ होतं. फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढायचा, मध्ये बसायची जागा मोकळी ठेवायची, उजेड त्याच बाजूचा ठेवायचा, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. माणूस कापून फोटोवर डकवतं. भिंतीवरचे डाग, लोंबणाऱ्या वायरी, स्विचबोर्ड ती न सांगताच काढून टाकायची. गिऱ्हाइकांना स्वच्छ भिंत आवडते.

मागच्या आठवड्यात एका ट्रस्टकडून पस्तीस फोटो आले होते. 'आजाऱ्यांच्या आरोग्य वर्गासाठी बॅकग्राउंड' म्हणून. प्रत्येक फोटोत झोपायची खोली, मध्ये रिकामी खुर्ची. सूचना एका ओळीची होती: पलंगावर कोणी असल्यास काढावे.

तिने काढलं. पस्तीस खोल्यांतून एकवीस माणसं. एकेकाला अडीच मिनिटं.

पडद्यावर महाराजांच्या डाव्या खांद्याच्या वर भिंत कोरी होती. तिथे स्विचबोर्ड होता, आणि त्यातून लोंबणारी काळी वायर. तिने गुरुवारी दुपारी पुसली होती. आणि पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, चादर ओढून जे कोणी झोपलं होतं, तेही.

"भाऊजी," ती म्हणाली. "खोलीचा फोटो पाठवला होता तुम्ही यांना?"

"शुद्धीसाठी मागवतात. सगळ्यांकडून."

"तो फोटोच दिसतोय तिथे. बघा, बोर्ड कुठाय? खुर्चीच्या वर स्विचबोर्ड आहे ना या खोलीत?"

सत्तावीस माना पडद्याकडे वळल्या. बोर्ड खरंच नव्हता.

"गेला!" काकू किंचाळल्या. "अगं बाई, बोर्ड गेला!"

"जाणारच," भाऊजींचा आवाज भरून आला. "त्याची दिशा चुकली होती. महाराजांनी मुळासकट काढला!"

दोन बाया रडायला लागल्या. एकाने मोबाईलवर पडद्याचा फोटो घेतला. आपण पुरावा दिला आणि समोरच्यांनी त्याचा चमत्कार केला, हे कळायला फोटोवालीला थोडा वेळ लागला. या लोकांना दोष दाखवून उपयोग नव्हता. दोष हीच त्यांच्या श्रद्धेची भाकरी होती.

तिच्या खांद्याच्या पिशवीत तिचा लॅपटॉप होता. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर तो उघडला. मीटिंगचं आमंत्रण फ्रिजवर चिकटवलेलंच होतं. 'सर्वांना मुक्त प्रवेश'. ती आत शिरली, फाईल क्रमांक तेवीस, म्हणजे ताईची खोली, बॅकग्राउंडला लावली आणि कॅमेऱ्यासमोर स्टूल ओढून बसली. मग ओरडली, "भाऊजी, सगळ्या खिडक्या दिसतात तो पर्याय दाबा!"

कुणीतरी दाबला. टीव्हीवर चौकोनांची जाळी पसरली. वरच्या ओळीत महाराज वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या खालच्या चौकोनात फोटोवाली बसली होती. तीच खोली, तोच निळा पडदा, तीच खुर्ची.

"ही... ही आत कशी गेली?" भाऊजींनी कुलूप ओढून पाहिलं.

"मी स्वयंपाकघरात आहे, भाऊजी! तुमच्या मागे!"

महाराजांनी डोळे किलकिले केले. माणूस कसलेला होता. "कन्ये, आलीस? मीच बोलावलं तुला. माझ्या आसनावर बसायचं भाग्य शंभर जन्मांनी मिळतं."

आणि काकू वळल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि त्यांनी फोटोवालीला हात जोडले. त्यांच्या मागे आणखी चौघी. "माझा गुडघा दुखतो गं," एक म्हणाली, "जरा हात लाव."

"काकू, हात खाली करा," फोटोवाली म्हणाली. "या इथे बसा."

"मी?"

"बसा म्हणते ना!"

काकू स्टुलावर बसल्या. अंगाने भारदस्त बाई. टीव्हीवर खुर्ची त्यांच्यामागे पार दिसेनाशी झाली. बंद खोलीत, महाराजांच्या खुर्चीत, पदराने घाम पुसत काकू बसल्या होत्या. त्यांचा डावा कान मध्येच दिसायचा, मध्येच भिंतीत जायचा. महाराजांचाही तसाच जात होता. त्याला गेले सहा महिने सूक्ष्मदेह म्हणत.

"आता यांच्या पाया पडा," फोटोवाली म्हणाली.

कुणी पडलं नाही. काकूंना रोज भाजीच्या पिशवीसह जिना चढताना सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "म्हणजे हा मेला घरीच बसलाय?" त्या म्हणाल्या.

फोटोवाली एकेक फाईल बदलत गेली. काकू अकरा नंबरच्या खोलीत बसल्या, मग सोळा, मग एकोणीस. पडद्याच्या बाजूला भक्तांचे संदेश धावू लागले. ही माझ्या बाबांची खोली आहे. ही बाई कोण? आमच्या खुर्चीत कोण बसलंय? महाराज, उत्तर द्या.

"माया!" महाराज गरजले. "परीक्षा आहे ही! जो डगमगेल त्याचा रोग दुप्पट होईल!" दोन्ही हात त्यांनी जोरात वर केले, आणि सॉफ्टवेअरला ते झेपलं नाही, कोपरापासून पुढचे हात नाहीसे झाले. थोटे दंड हलवत महाराज शाप देत राहिले.

"किल्ली द्या," ताई म्हणाली.

ती कधी उठली ते कुणी पाहिलं नव्हतं. एक हात भिंतीला, एका हातात पिशवी.

"अगं, आत महाराज आहेत," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज आता डेपोतला राहिला नव्हता.

"मग भेटू द्या की मला. माझ्यासाठीच आलेत ना?"

भाऊजी हलले नाहीत. काकूंनी येऊन त्यांच्या खिशातून किल्ली काढली, पोराच्या खिशातून गोटी काढावी तशी. दार उघडलं. फोटोवालीने टीव्हीला जोडलेला लॅपटॉप उचलून दाराकडे वळवला. जाळीतला ताईच्या घराचा चौकोन मोठा झाला. रिकामी खुर्ची, वर पिवळा पडलेला स्विचबोर्ड, लोंबणारी वायर. ताई तीन पावलं चालली, मध्ये एकदा थांबली, आणि खुर्चीत बसली.

शेजारच्या चौकोनात, त्याच खुर्चीत, महाराज.

"महाराज," ताई धापा टाकत म्हणाली, "मी तुमच्या मांडीवर बसलेय. जड होत असेन तर सांगा."

ताईने पिशवीचा हात पाठीमागे नेला.

"माझ्या हातात काय आहे, तेवढं सांगा. इतक्या जवळून दिसत असेल."

महाराज मृदू आवाजात म्हणाले, "तुझ्या हातात श्रद्धा आहे, कन्ये."

"उलटीची पिशवी आहे," ताई म्हणाली, आणि तिचं डोकं एका बाजूला कललं.

पडद्यावर सूचना आली: यजमानाने मीटिंग संपवली आहे.

तीन दिवस ताई अतिदक्षता विभागात होती. रक्तात आम्ल साचलं होतं. डॉक्टरीण बाईंनी भाऊजींना व्हरांड्यात उभं करून समजावलं. या आजारात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. औषध बंद केलं की विष बाहेर पडत नाही, आत तयार होतं.

"आणखी एक रात्र काढली असती," त्या म्हणाल्या, "तर मला बोलवायची गरज पडली नसती."

भाऊजींनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "पण डॉक्टर, पडदा तर आमचाच होता ना? निळा?"

डॉक्टरीण बाईंनी त्यांच्या हातात इन्सुलिनचं पेन दिलं आणि टोचायचं कसं ते पाच वेळा करून घेतलं. चार वेळा चुकलं.

चौथ्या दिवशी ताई उठून बसली. फोटोवालीने तिला सगळं सांगितलं. फोटो, पस्तीस खोल्या, पलंगावरची माणसं.

"म्हणजे मला तूच पुसलंस?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"अडीच मिनिटं."

"बारीक झालेय मी," ताई म्हणाली. मग म्हणाली, "आणि ओळखलं नाहीस."

"तोंड भिंतीकडे होतं. मी फक्त कडा बघत होते."

ताईने चादर नीट केली आणि खिडकीकडे तोंड वळवून पडून राहिली.

फोटोवाली त्याच संध्याकाळी आपल्या फोटोच्या दुकानात जाऊन बसली. ट्रस्टचा फोन बंद होता, पत्ता खोटा होता. तिच्याकडे खोल्या होत्या, माणसांचे नंबर नव्हते. तिने उरलेल्या चौतीस रिकाम्या खोल्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं:

'यातली खोली तुमची असेल, तर तिच्यात कधीच कोणी आलं नव्हतं. तुम्ही पाठवलेला फोटो मी साफ केला आणि एका माणसाने तो स्वतःच्या मागे लावला. कुठल्याही मोबाईलवर हे दोन मिनिटांत करता येतं. कसं, ते खाली दाखवलं आहे. स्वतः करून बघा, मग माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही. त्याच्या सांगण्यावरून औषध बंद केलं असेल, तर आज डॉक्टरकडे जा.'

रात्रीपर्यंत तिला दोनशे शिव्या आल्या. बारा जणांनी फोन केला. एकाने विचारलं, आमच्या खोलीची भिंत छान झाली आहे, मोठा प्रिंट मिळेल का. आठवडाभरात कळलं की महाराज दुसऱ्या नावाने बसू लागले आहेत, आणि आता खोलीतला पडदा हलतोसुद्धा. फोटोऐवजी व्हिडिओ मागवतात.

एकोणीस नंबरच्या फोटोखाली नवव्या दिवशी एका मुलीने लिहिलं: 'ही आमची खोली. आई औषध बंद केल्यावर चौथ्या दिवशी गेली. तुमचं लिहिलेलं मी त्याच दिवशी, ती असताना वाचलं होतं. खरं की खोटं, विचार करत बसले.'

फोटोवालीने ते तीनदा वाचलं. मग तिने आपला मजकूर उघडला आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, आणखी एक ओळ घातली:

'आधी औषध द्या. विचार नंतरही करता येतो.'