डोक्यावरचा जड हात

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता. मधोमध गोदामात असतो तसला वजनकाटा, त्याची मोठी तबकडी गर्दीकडे वळवलेली, आणि शेजारी गादीच्या खुर्चीत तराजूबाबा. बाबांचं स्वतःचं पोट मांडीवर विसावलं होतं, पण ते कुणाला खटकत नव्हतं.

"चरबी म्हणजे काय? साठवलेला लोभ!" बाबा गरजले. "पैसा पेटीत टाका, लोभ सुटेल. लोभ सुटला की चरबी धरून कशाला बसेल?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोकळ विचार मोठ्यानं ओरडून सांगितला की लोकांना तो खोल वाटतो.

पैज सोपी होती. आपले पैसे पेटीत ठेवायचे. महिन्यात वजन उतरलं तर दुप्पट परत, नाहीतर सगळे पेटीत जमा. पहिल्या फेरीत रकमा किरकोळ होत्या आणि झाडून सगळे जिंकले. महिनाभर दोन्ही वेळा चापून जेवलेला न्हावीसुद्धा जिंकला. मग काय, दुसऱ्या फेरीला लोकांनी कपाटं रिकामी केली. माझी नणंद घरी शिवणकाम करते. तिनं नव्या मशीनसाठी साठवलेली सगळी रक्कम पाकिटात घालून पेटीत टाकली.

"अगं, वजन कमी करायचंय की पैसे?" मी विचारलं होतं.

"वहिनी, तू विज्ञान शाळेत शिकव. घरी नको."

ती महिनाभर अर्धपोटी राहिली. आज ती काट्यावर चढली. बाबांनी उठून, डोळे मिटून दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

"डोकं जड वाटतंय ना, पोरी? शक्ती उतरतेय!"

काटा सरकला, तो महिन्यापूर्वीच्या आकड्याच्याही पुढे जाऊन थांबला.

"वाढलं! लोभ सुटला नाही तुझा," बाबा पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. त्यांच्या शिष्यानं वहीत तिच्या नावापुढे 'जमा' असं लिहिलं.

नणंद खाली उतरली ती पांढरीफटक. "वाढलं कसं, वहिनी? परवाच सगळे ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले. माझी मापाची फीत खोटं बोलते का?"

फीत खोटं बोलत नव्हती. मी न्हाव्याकडे वळले.

"दादा, पहिल्या फेरीत आशीर्वाद कधी मिळाला होता?"

"सुरुवातीच्या वजनाला."

"आणि शेवटच्या?"

"तेव्हा बाबा खुर्चीतच बसून होते."

"आणि या फेरीत?"

"या वेळी शेवटी. फळ पिकल्यावरच हात लावायचा म्हणे." बोलता बोलता न्हाव्याचा चेहरा बदलला.

मी बाबांना म्हणाले, "महाराज, जरा उठा. तुमची खुर्ची काट्यावर ठेवू. तिला ना पोट, ना लोभ. तिला आशीर्वाद द्या."

"निर्जीवाला आशीर्वाद लागत नाही!"

"मग काटा हलणार नाही. द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉल हसला. बाबा नाइलाजानं उठले, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

न्हाव्यानं खुर्ची उचलून काट्यावर ठेवली. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून हलकेच दाबलं. काटा पुढे सरकला. हात काढले, मागे आला.

"बघा, माझ्याही अंगात शक्ती आली! वरून दाबलं की काटा दाबणाऱ्याचा जोरही मोजतो, एवढंच. आधीच्या वजनाला दाबलं की तुम्ही नंतर बारीक होता. नंतरच्या वजनाला दाबलं की जाडे."

खुर्ची खाली उतरवली आणि नणंद पुन्हा काट्यावर चढली. डोक्यावर कुणाचाही हात नव्हता. आकडा पूर्वीपेक्षा बराच खाली होता.

"दैवी ऊर्जा..." बाबांनी सुरुवात केली.

"ऊर्जा राहू द्या, पेटी उघडा," न्हावी दाराशी उभा राहत म्हणाला.

पेटी उघडली. नणंदेनं आपलं पाकीट छातीशी धरलं आणि पहिल्यांदा रडली.

"तरी वजन उतरलंच की, वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली.

"उतरलं ते तू उपाशी राहिलीस म्हणून. आता घरी चल आणि पोटभर जेव."

पैशाची पैज लावून माणूस स्वतःला शिस्त लावू शकतो, त्यात गैर काही नाही. पण तुमच्या हरण्यानं ज्याचं पोट भरतं, त्याच्याच हाती वजन करायचं काम देऊ नका. आणि कुणी डोक्यावर हात ठेवला, तर डोळे मिटण्याआधी काटा बघा.