वळणावरचं मीठ

नवरा क्लिफर्ड गेल्यावर एनिडने घर विकून व्हिटबीला, समुद्राकाठी, बहिणीकडे जायचं ठरवलं. आज बसने शहरात जाऊन कागदांवर सही करायची होती. क्लिफर्ड मुलखाचा घुमा. डोंगरातल्या या रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकत जाणारी गाडी त्याने उभा जन्म चालवली. बर्फाची चाहूल लागली की हा निघालाच; पण बायकोशी कधी गोड बोलला असेल तर शपथ! वळणावरच्या बसथांब्यावर ती एकदा बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घरी आली, तेव्हाही एवढंच म्हणाला, "बघून चालायला काय होतं?" ते वाक्य एनिडच्या मनात कायमचं सलत राहिलं. अशा माणसाच्या कबरीपायी इथे कुढत कशाला बसायचं?

डेपोत क्लिफर्डच्या गाडीत मीठ भरणारा डेस्मंड तिला त्याच थांब्यावर सोडायला आला होता. एप्रिलचं ऊन पडलं होतं. वळणावर रस्त्याची कड बारीक पांढऱ्या फुलांनी भरून गेली होती. कामाच्या घाईत एनिडने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. वाकून तिने एक पान चावलं.

"अरे, ही तर आमच्या व्हिटबीच्या बंदराच्या भिंतीवरची भाजी! लहानपणी खायचो आम्ही. डोंगरात कशी आली?"

"तिला खारी माती मानवते. आपण मीठ टाकत गेलो, ती मागोमाग आली."

"पण वर चढावर तर चार काड्या आहेत. इथेच एवढी का माजलीय?"

डेस्मंडने टोपी काढून डोकं खाजवलं. "तुला सांगितलं नाही त्याने? अगं, या वळणावर तो दुप्पट मीठ सोडायचा. साहेब ओरडायचे, 'मीठ काय तुझ्या बापाचं आहे?' हा ढिम्म. म्हणायचा, 'सव्वासहाला आमची एनिड तिथे बस पकडते.'"

"कधीपासून?"

"तुझं मनगट मोडलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

एनिडचे डोळे भरून आले, आणि रागही आला. "अरे घुम्या," ती फुलांकडे बघून म्हणाली, "तोंडाने सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का?"

बस आली. दार उघडलं.

"आजी, चढताय ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"आज नाही रे बाबा. जा तू."

बस गेली. एनिडने हातमोज्याने नाक पुसलं.

"त्यानंतर तीस वर्षं इथूनच कामाला गेले, डेस्मंड. एकदाही पाय घसरला नाही. मला वाटायचं, मीच जपून चालते."