गर्दीतला एक

कालिंदीनं कोरणीचं टोक त्या माणसाच्या मानेखाली धरलं आणि हलकेच पुढं रेटलं. लाकडाचा बारीक ढलपा निघाला. मान आणखी वाकली. आता तो हातातल्या लोट्याकडे बघत होता, दूध सांडू नये म्हणून जपून चालणाऱ्या माणसासारखा.

गिरगावातल्या त्या खोलीत चौघं मिळून एकच मोठी फळी कोरत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेसाठी गोळीबारातल्या हुतात्म्यांचं चित्र छापायचं, ही कल्पना चित्रकलेच्या चिंतामणी मास्तरांची. लालबागच्या कालिंदीला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. तिचा नवरा बुधाजी, गिरणीत माग चालवणारा साचेवाला, गेल्या जानेवारीत गोळी लागून गेला होता. कोरलं ते पांढरं राहतं, राखलं तेवढंच छापलं जातं, हे तिला मास्तरांनी शिकवलं. मधला मूठ उगारलेला हुतात्मा चौघांतल्या जयवंतकडे होता. तिच्या वाट्याला मागची गर्दी आली होती.

मास्तर फळीवर वाकले.

"कालिंदीबाई, हा कोण?"

"आमचे हे."

"आणि हातात?"

"लोटा. कर्फ्यू उठला असं कुणीतरी ओरडलं, म्हणून पोरीला दूध आणायला उतरले होते. मोर्चात नव्हते ते."

जयवंतची कोरणी थांबली.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," मास्तर म्हणाले.

"कुणी विचारलं नाही. मीही मनात आणत नव्हते. हात चालायला लागला तसं समोर येत गेलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चित्र सगळ्यांचं आहे. सगळ्यांनीच ठरवू या."

"राग मानू नका वहिनी," जयवंत म्हणाला, "पण विरोधक हेच दाखवत फिरतील. दुधाला निघालेला माणूस, म्हणे हुतात्मा."

चौथे गंगाधरपंत. त्यांनी कालिंदीकडे न बघता जयवंतच्या बोलण्याला मान डोलावली.

"मग तुम्हीच तो काढून टाका," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्यानं हात लावणं बरं नाही."

तिनं आधी लोटा कोरून टाकला, मग हात. मान काढायला वेळ लागला. गर्दीत पांढरी जागा उरली.

"तिथून उजेड येतोय असं वाटेल," मास्तर म्हणाले.

तिनं फळीवरचे ढलपे फुंकून टाकले. शाईचा रूळ फिरला, कागद अंथरला गेला, आणि चौघांनी पाळीपाळीनं पळीच्या पाठीनं तो घासला. तिनंही इतरांइतकाच जोर लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं एक छाप घरी आणला. सासू जाईबाई तो खिडकीशी घेऊन गेल्या. त्यांचं बोट मूठ उगारलेल्या माणसावर थांबलं.

"ह्योच माझो बुधाजी," त्या म्हणाल्या. "असोच होतो माझो झील."

शेजारची राधा दारातून आत आली. तिनं चित्र बघितलं, हात जोडले.

"वहिनी, भावजी अगदी पुढं होते ना?"

जाईबाईंनी सुनेकडे बघितलं. गोळीबाराच्या सकाळी अंथरुणातून उठवून बुधाजीला दुधासाठी खाली पाठवणाऱ्या त्याच होत्या. वर्षभरात दोघींपैकी कुणीही ते तोंडातून काढलं नव्हतं.

कालिंदीनं सासूच्या हातातला कागद घेतला आणि चुरगळलेला कोपरा सरळ केला.

"हो," ती राधाला म्हणाली. "अगदी पुढं होते."