वीस मिनिटं पुढचं घड्याळ

ओहोटी लागली की बाबा लोकांना किनाऱ्यापलीकडच्या चिखलावर फिरायला नेतात. चाळीस वर्षांत एकही माणूस बुडाला नाही, हे आल्यागेल्याला ऐकवतात. यंदा बंदराच्या ऑफिसने बजावलं होतं, वय झालंय, एक तक्रार आली की परवाना रद्द. मी त्यांची मदतनीस. म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं आणि रुतलेले बूट उपसायचे. फोन काठावर ठेवते. चिखलाने एक गिळलाय.

त्या दिवशी अकरा शिक्षक होते. काठीने चिखल चाचपत बाबा पुढे, मागे रांग. खेकड्यांची बिळं, पक्ष्यांची पावलं, बाबांची टकळी सुरूच. नियम मात्र एक: साडेदहाला परत फिरायचं, मग समोर देवमासा का दिसेना.

साडेदहाला त्यांनी मनगट बघितलं आणि आम्ही फिरलो. वाटेतल्या ओहोळात एरवी परतताना घोटाभर पाणी असतं. आज मांडीपर्यंत चढलं होतं.

"असं कसं झालं?" बाबा पुटपुटले.

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. आदल्या दिवशी त्यांच्या घड्याळात मीच नवा सेल घातला होता. घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं, ते फोनशी जुळवलं. म्हाताऱ्याला घड्याळही धड लावता येत नाही, असं वर म्हणालेही होते.

बाबांनी दोर बांधून एकेकाला पलीकडे नेलं. शेवटच्या मुख्याध्यापिका बाई कमरेभर पाण्यातून आल्या, त्या तणतणतच.

"आजोबा, आता घरी बसा. आम्ही तक्रार करणार."

"करा. वेळेत चुकलो मी," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

त्यांनी घरी बसावं म्हणून दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. आता नुसतं गप्प राहिलं की काम फत्ते. पण मान खाली घालून दोर गुंडाळणारे बाबा मला बघवेनात.

"बाई, घड्याळातली वेळ मी बदलली, त्यांना न विचारता. तक्रारीत माझं नाव घाला."

त्यांनी घातलं. आता रुतलेले बूट दुसरंच कोणी उपसतं आणि घरी मी बसते. म्हणजे बसवत नाहीच. काठावर जाऊन उभी राहते. माझ्या फोनवर दहा वाजून दहा मिनिटं होतात, लांबवरची रांग वळते आणि माझा जीव भांड्यात पडतो.