घाटात शिकलेली गाडी

इंद्रजीतनं शुक्रवारीच जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उद्या खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जायचं, ते श्रेयाच्याच गाडीत. वाटेत गाडी बंद पडली तर ती विकायची, श्रेयानं गॅरेज सोडायचं आणि पुण्याला मामाच्या कंपनीत टेबलामागं बसायचं. नाही पडली तर तो गॅरेजाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही.

इंद्रजीत माझा लेक. बँकेत साहेब आहे, त्यामुळं घरातही हुकूमच सोडतो. श्रेया त्याची एकुलती एक पोरगी. इंजिनिअर झाली आणि वाळूजच्या एका गॅरेजात लागली. गाडीच्या इंजिनाला एक कंप्युटर असतो म्हणे, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो. श्रेया त्याचं गणित बदलून गाडीची ताकद वाढवते. बापाला वाटतं, पोरगी मिस्त्री झाली. मला वाटतं, झाली तर झाली, पण नीट तरी झाली पाहिजे. अर्ध्या कामाचा मला लहानपणापासून तिटकारा.

आता तिनं स्वतःच्या गाडीवर हात चालवला होता. हवेचा मोठा फिल्टर बसवला, सायलेन्सर मोकळा केला, कंप्युटरचं गणित नवं भरलं.

"आजी, आधी ही नाकात बोळा घालून पळत होती," ती मला म्हणाली होती. "मी बोळा काढला. आता हवा जास्त येते, तर पेट्रोल नेमकं किती लागतं ते कंप्युटर चालता चालता शिकतो. धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. तो धूर हुंगून सांगतो, कमी पडलं का जास्त झालं."

"म्हंजी नवी सून," मी म्हणलं. "घरातल्या मिठाचा अंदाज यायला तिला चार दिस लागत्यात."

"आम्हाला कुणी दिले होते चार दिवस, आत्याबाई?" रत्नमाला चुलीपाशी असली तरी तिचं लक्ष आमच्या बोलण्याकडंच असतं. सून आहे माझी. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण ही गाडी काही शिकेना. दिवसभर चालवून संध्याकाळी आणली की मखमल. सकाळी फाटकातून काढली की ठसका लागल्यासारखी करायची आणि गल्लीच्या मधोमध मान टाकायची. श्रेया रोज वायरी तपासायची, रोज गॅरेजात विचारायची. कुणाला उमगेना. समोरची गोजरबाई ओट्यावर बसून बघायचीच.

"काय वो मनकर्णाबाई, नातीनं गाडी दुरुस्त केली का आजारी पाडली?"

"तुमच्या जावयाची जीप ढकलल्याबिगर निघत न्हाई," मी म्हणलं, "अन् तिला तर अजून कुनी दुरुस्तीला हातबी लावलेला न्हाई."

तोंडानं जिंकले, पण इज्जत जात होती ती जातच होती.

शनिवारी सकाळी पडेगावातून निघालो. श्रेया चालवत होती, मी तिच्या शेजारी, मागं इंद्रजीत आणि रत्नमाला. मिटमिट्यापर्यंत गाडी नुसती हुंदके देत गेली. इंद्रजीत आरशात दिसत होता, हाताची घडी घालून बसलेला, पंचासारखा.

दौलताबादला किल्ल्याच्या वेशीतून रस्ता जातो. एका वेळी एकच मोठी गाडी मावते. आमच्या पुढं टेम्पो, मागं एसटी. टेम्पो थांबला, श्रेयानंही थांबवली. गाडी थरथरली आणि बरोबर कमानीच्या खाली गप्प झाली.

मागून एसटीचा हॉर्न त्या दगडांत असा घुमला, की माझ्या छातीत वाजला.

"झालं," इंद्रजीत म्हणाला. एवढंच.

श्रेयानं चावी फिरवली. दुसऱ्या खेपेला गाडी चालू झाली. वेशीबाहेर पेरूवाल्यांच्या पलीकडं तिनं ती कडेला घेतली. स्टिअरिंगखाली एक छोटा डबा खोचला आणि मोबाइलवर इंजिनाचे आकडे बघत बसली. मग तिची नजर समोरच्या घड्याळावर गेली. सकाळची उन्हं वर आली होती आणि घड्याळात दोन वाजत होते.

"शिकलेलं सगळं शून्य आहे," ती हळू म्हणाली. "मी भरलेलं गणित जागेवर आहे, पण त्यावर ती स्वतः जे शिकली ते पुसलंय. घड्याळसुद्धा पहाटे पुन्हा बारापासून सुरू झालंय. पप्पा, कुणीतरी बॅटरीची वायर काढतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज ती पहिलीत बसते. दिवसभर शिकते, रात्री कुणीतरी पाटी पुसतं." ती मागं वळली. "ही बंद पडावी असं घरात कुणाला वाटत होतं?"

इंद्रजीतचा चेहरा तांबडा झाला. "बापाला चोर म्हणतेस?"

"मी विचारतेय."

"श्रेया, बास," रत्नमाला म्हणाली.

"बोलू दे तिला. गॅरेजात राहून हेच शिकली." तो दार उघडून खाली उतरला. "मी जातो रिक्षानं. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

दोघांचे आवाज पेरूवाल्यांपर्यंत गेले होते. आणि वायर तर मी काढत होते.

आमच्या गावाकडं ट्रॅक्टर उभा केला की संध्याकाळी बॅटरीची वायर सोडायची. पोरंसोरं चालू करत नाहीत, चोराला नेता येत नाही. माझ्या दारातून आजवर कुणी सुई नेलेली नाही, ती अशानंच. गल्लीत दोन गाड्या गेल्या तेव्हापासून मी श्रेयाच्या गाडीचीही वायर सोडायला लागले. दिवा लावला की दहा नंबरचा पाना घ्यायचा, बॉनेट उचलायचं, काळी वायर मोकळी. सगळे उठायच्या आत पुन्हा जागेवर. कुणाला सांगायची गरज वाटली नाही. राखण करणारा दवंडी पिटत नाही.

गप्प बसले असते तर खपलं असतं. बाप-लेक एकमेकांना खात बसले असते आणि माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. त्यात सूनबाई मागं बसलेली, तिच्यासमोर माझी चूक माझ्याच तोंडानं काढायची, हे मला गिळवत नव्हतं. पण इंद्रजीतनं खरंच रिक्षाला हात केला.

"इंद्या, माघारी ये," मी काच खाली करून म्हणलं. "वायर मी काढते."

तो वळला. "माय, तू?"

"मंग काय गोजरबाई? रोज सांजच्याला काढते, सकाळी लावते. चोरासाठी."

श्रेयानं डोक्याला हात लावला. "आजी, तू मला विचारायचं तरी."

"तू मला हवा सांगितली, धूर सांगितला, नाक सांगितलं. वायरीचं कुठं बोललीस?"

रत्नमालेनं पदर तोंडाला लावला. हसत होती. ते मी पुढं कधीतरी बघून घेईन.

इंद्रजीत खिडकीपाशी आला. "ते काही असो. बंद पडली ती पडली. बोलणं झालं होतं आपलं."

"परीक्षेला बसलेल्या पोरीचं पुस्तक मी रोज रातीला चोरलं, अन् नापास तू तिला करनार? लई न्याय आला तुमच्या बँकेत." माझा आवाज चढला. "घाट अजून पुढं हाय. घाटात बंद पडली तर तुझं खरं. मीच गिऱ्हाईक आणून देते."

श्रेयाचं तोंड उतरलं. "आजी, ती आत्ता कोरी आहे. घाट असा कितीसा लांब आहे?"

"मंग लाग कामाला."

इंद्रजीत आत बसला. "घाट," तो म्हणाला. "एकदाच."

श्रेयानं एसी बंद केला, गाडी चालू केली आणि दोन्ही पाय मागं घेतले. हात मांडीवर. आधी तिला पायाच्या आधाराशिवाय चालू राहायला शिकवायचं होतं. गाडी थंडी भरल्यासारखी कापत उभी होती. आम्ही आत घामाघूम. हळूहळू कापणं उतरलं. मग ती निघाली, एकाच चालीनं, इतकी सावकाश की रिक्षावालेसुद्धा वळून बघायचे. मागून हॉर्न देत गोजरबाईच्या जावयाची जीप आली. तीही मारुतीलाच निघालेली गोजरबाई खिडकीतून हात हलवत पुढं गेली.

बैलगाडीच्या दिवसांपासून माझ्या पुढं कुणी गेलेलं मला खपलेलं नाही. मनाला आवर घालून मी म्हणलं, "जाऊ दे तिला."

घाट लागला. चढ वाढला तसा श्रेयानं गिअर उतरवला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिथं वरून ट्रक आला आणि आमच्या पुढची एसटी ऐन चढाला थांबली. श्रेयाला थांबावं लागलं. मागं मोटारसायकली चिकटलेल्या, एका अंगाला दरी.

इंजिनाचा आवाज खाली जायला लागला. समोरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पडत होता. वेशीत झाला होता तोच थरकाप माझ्या पायाखाली सुरू झाला.

"रेस दे," मागून इंद्रजीत म्हणाला.

"नाही."

"श्रेया, बंद पडेल. दे रेस."

"मी दिली तर ती माझ्याच पायावर राहील. तिचं तिनं सावरलं पाहिजे."

तो पुढं वाकला होता, दोन्ही हातांनी माझी सीट धरून. आपणच लावलेली पैज आपण हरावी म्हणून त्याचा जीव वर आला होता, आणि ते त्याला कळत नव्हतं. काटा आणखी उतरला. श्रेयानं डोळे मिटले, पण पाय हलवला नाही.

मग इंजिनानं दम घेतला. काटा थांबला, बोटभर वर चढला आणि तिथंच टिकला.

एसटी हलली. श्रेयानं क्लच सोडला, गाडी एक वीतभर मागं गेली आणि उचलली ती वरपर्यंत एका सुरात गेली. गाडीत मारुतीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, इतके सगळे तिचा आवाज ऐकत होतो.

घाट संपला तसं इंद्रजीत म्हणाला, "बाजूला घे. चावी दे."

रत्नमालेनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी खोड काढणार. श्रेया मुकाट्यानं मागं गेली. तो स्टिअरिंगवर बसला, आरसा नीट केला. खुलताबादचा सरळ रस्ता लागला तसा त्यानं पाय दाबला. गाडी अशी सुटली, की माझी पाठ सीटला चिकटली.

"पप्पा, आत्ता नको," श्रेया मागून म्हणाली. "ती अजून शिकतेय. एवढं दाबू नका."

त्याच्या ऑफिसात त्याला असं सांगायची कुणाची टाप नाही. घरात मी सोडून नाही. मी त्याच्याकडं बघत राहिले.

त्यानं पाय उचलला.

गाडी हळू झाली. शेजारून एक दूधवाला मोटारसायकलवर पुढं गेला, तरी इंद्रजीतनं वेग वाढवला नाही.

"किती दिवस असं चालवायचं?" त्यानं विचारलं.

"मी सांगेन तेव्हापर्यंत."

"बरं," तो म्हणाला.