दादांनंतरची ‘परतभेट’

दादाला काढून टाकल्याचं साऱ्या देशाला टीव्हीवरून कळलं. धाकटीला मात्र ते तसं कळायचं नव्हतं. वाहिनीच्या बैठकीच्या खोलीत, तिच्या डोळ्यांदेखत ते ठरलं; आणि ज्या चित्रीकरणावरून ठरलं, ते तिनेच स्वतःच्या हाताने लावून दाखवलं होतं.

तसा तो तिचा सख्खा भाऊ. पण ‘परतभेट’ सुरू झाल्यापासून लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणायला लागले. “माझा एकटीचा होता, तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलात,” असं ती चेष्टेने म्हणायची. ती कार्यक्रमाची संकलक. तो दिव्यांच्या झोतात बोलायचा आणि ती अंधाऱ्या खोलीत बसून त्याचं बोलणं कापायची, सांधायची. कार्यक्रम साधाच होता. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं यायची. दादा एकाला बोलतं करायचा, मग मागचा पडदा सरकायचा आणि दुसरा समोर उभा! पडदा सरकेपर्यंत पाहुण्याला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही, हा नियम. दर शनिवारी संध्याकाळी घरोघरी डोळे पुसले जायचे.

त्या दिवशी एक निवृत्त बसड्रायव्हर आले होते. मुलगा लग्नावरून भांडून घराबाहेर पडला होता, तो परत फिरकला नव्हता. त्याला शोधून, समजावून मागच्या खोलीत आणून बसवलं होतं. पण काका काही केल्या रडेनात. दादाने इकडून विचारलं, तिकडून विचारलं, काका आपले गुडघ्यांवर हात ठेवून एकच सांगत राहिले, “माझंच चुकलं असेल. तो भेटला की त्याच्याशीच बोलेन.” चित्रीकरणाच्या मध्यंतरात मुलाचा धीर सुटला आणि तो मागच्या दाराने निघून गेला. हे दादाच्या कानावर आलं आणि त्याचा तोल गेला. “दगड आहात का हो तुम्ही?” असं ओरडत त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि ढकललं. काका मंचाच्या पायऱ्यांवरून खाली गेले. मनगट मोडलं.

संध्याकाळी दादा संकलनाच्या खोलीत आला. चेहऱ्यावरचा रंगही त्याने पुसला नव्हता.

“कॅमेरे चालू होते?”

“खालचे बंद होते. वरचा चालू होता.”

“मग ते पुसून टाक.”

“दादा, काकांचा हात मोडलाय.”

“आणि माझं काय काय मोडेल, ते दिसतंय का तुला?”

बाबा गेले तेव्हा हाच भाऊ लोकांच्या लग्नांत, दुकानांच्या उद्घाटनांत माईक धरून घसा फोडायचा, आणि त्यावर हिचं शिक्षण झालं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तो ते बोलला नाही. नुसता दारात उभा राहिला, मग गेला. तिने पुसलं नाही. आपण होऊन कुणाला नेऊनही दिलं नाही. पण चौकशीत मागितलं, तेव्हा लावलं.

आईने तेवढंच धरलं. “आधी बहीण होतीस, मग नोकरदार,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. त्यानंतर धाकटी घरी गेली की आई तिला जेवायला वाढायची, तब्येत विचारायची, सगळं करायची. फक्त तिच्याकडे बघायची नाही.

दादाने तर बोलणंच टाकलं. कधीमधी वहिनीचा फोन यायचा. “दाढी वाढवलीये. बाहेर पडत नाहीत. परवा दूध आणायला गेले, तर एक आजी गळ्यात पडून रडल्या आणि त्यांच्या मागचाच माणूस म्हणाला, आम्हालाही ढकला की एकदा!” सांगताना वहिनीला हसू आलं, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

इकडे कार्यक्रमाचं काय करायचं, हा प्रश्न होता. वाहिनीच्या मुख्य बाईंनी धाकटीला बोलावलं. “बंद केला तर तुमचे सगळे लोक घरी बसतील. चालवला तर दादांशिवाय चालवायचा. तुम्ही राहणार?”

प्रकाशवाल्याची मुलगी लग्नाची होती. पडदा ओढणाऱ्या मामांना दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. “राहते,” ती म्हणाली. त्या एका शब्दाने दादाच्या घराचं उरलंसुरलं दारही बंद झालं.

नवी सूत्रसंचालिका रेडिओवरून आली होती, म्हणून युनिटने तिचं नाव रेडिओवाली ठेवलं. मुलगी लाखात एक. पाहुण्यांना स्वतः पाणी द्यायची, कुणाला रडवायची नाही, कुणी रडलंच तर कॅमेरा बाजूला घ्यायला लावायची. धाकटीला ती मनापासून आवडायची, पण संकलनाला बसलं की ती तेच तुकडे पुन्हा पुन्हा लावून बघत राहायची. सगळं नीटनेटकं, सगळं सभ्य, आणि त्यात जीव नव्हता. पहिल्याच भागात दुरावलेल्या दोन बहिणींपैकी थोरली आत आली, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दादा नाहीत? मग मी कुणाला सांगू?” रेडिओवाली हसून म्हणाली, “मला सांगा ना.” थोरलीने सांगितलंही, पण तलाठ्याला पत्ता सांगावा तसं.

प्रेक्षक गळायला लागले. पत्रं यायची ती दादांना परत आणा म्हणून, नाहीतर दादांना तुरुंगात घाला म्हणून. रेडिओवालीबद्दल कुणी बरंवाईट काहीच लिहीत नव्हतं. एकदा रंगभूषेच्या खोलीत ती आरशासमोर बसून म्हणाली, “ताई, शिव्या तरी द्यायला हव्यात ना हो मला.” धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. शनिवारचा कार्यक्रम आधी दुपारी गेला, मग बंद करायचं ठरलं.

तेव्हा मुख्य बाईंना कल्पना सुचली. शेवटच्या भागात दादांना आणायचं. समोर ते ड्रायव्हरकाका. दादा माफी मागतील. “अख्खा देश बघेल,” बाई म्हणाल्या, “आणि कुणी सांगावं, कार्यक्रम उठूनही बसेल.”

धाकटीने आधी काकांना फोन लावला. वाहिनीच्या वकिलांनी आजवर त्यांच्याशी कुणाला बोलू दिलं नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. “त्या मंचावर मी पुन्हा यायचा नाही, बाई. त्यांना यायचं असेल तर घरी यावं. चहा देईन.”

मग ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि तिला आत घेतलं. दादा पलंगावर वाकून बसला होता. बाईंची कल्पना ऐकताना तो हळूहळू ताठ झाला. दाढीवरून हात फिरवला.

“दाढी ठेवू का काढू?” त्याने विचारलं. इतक्या महिन्यांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. “ठेवलेली बरी. काकांच्या डाव्या बाजूने कॅमेरा घे. मी खाली बसेन, पायऱ्यांवर.”

धाकटीच्या अंगावर काटा आला. हा हे उत्तम करेल, हे तिला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी कुठल्या वाक्याला येईल, तेसुद्धा तिला आत्ताच सांगता आलं असतं.

“ते स्टुडिओत येणार नाहीत, दादा. घरी या म्हणालेत. कॅमेरा नाही.”

तो पुन्हा वाकला.

“कॅमेरा नसला की मला बोलता येत नाही गं,” तो म्हणाला. “हिला विचार. आईला विचार. मला येतच नाही.”

“नको बोलूस. नुसता चल.”

रविवारी तो खाली उतरला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यांनी स्वतः दार उघडलं. उजवं मनगट वाकडंच बसलं होतं. कपबशी त्यांनी डाव्या हाताने आणली. दादा खुर्चीच्या टोकावर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. चहा निवला.

शेवटी काकाच बोलले. “एक विचारायचं होतं. राग नाही माझा. पण त्या दिवशी माझा मुलगा तिथे आला होता का? की ते सगळं तुमचं नाटक?”

इतके महिने माणूस हे उराशी धरून बसला होता, आणि हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. धाकटीने सांगितलं, “आले होते, काका. मागच्या खोलीत बसले होते. त्या खोलीतल्या कॅमेऱ्यात मी पाहिलंय. दोनदा पाणी मागितलं. मग उठून गेले.”

“काही बोलला?”

ती ‘नाही’ म्हणणार, एवढ्यात दादाने मान वर केली. “बोलला,” तो म्हणाला. “जाताना मला दारात भेटला. बाबांचे गुडघे कसे आहेत, विचारत होता. जिना चढताना हात द्या, म्हणाला.”

काकांचा चेहरा हलला. वाकडा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि ते रडले, आवाज न करता, लहान मुलासारखे खांदे उडवत. त्या दिवशी मंचावर दादाला जे हवं होतं, ते इथे, या दोन खोल्यांत झालं, आणि दादाने तोंड फिरवलं.

धाकटीला ठाऊक होतं. मुलगा मागच्या दाराने गेला तेव्हा दादा मंचावर होता. तो त्याला भेटलाच नव्हता.

खाली येऊन गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “का बोललास तसं?”

“सुचलं.” मग थोड्या वेळाने, “मी माफी मागितली का गं?”

“नाही.”

तो दार उघडून उतरला आणि पुन्हा जिना चढून गेला. ती गाडीतच थांबली. वर काय बोलणं झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. परत आला तेव्हा, बाबांना स्मशानात पोचवून आला होता त्या दिवशीसारखा दिसत होता. शर्टाची एक बाही चुरगळली होती, कुणी घट्ट धरल्यासारखी.

‘परतभेट’चा शेवटचा भाग रेडिओवालीनेच केला, जुन्या भेटींचे तुकडे जोडून. दादाचा चेहरा दाखवायचा नाही, असा वरून हुकूम होता, म्हणून धाकटी दोन रात्री बसून प्रत्येक चौकटीतून आपला भाऊ कापत राहिली. कुठेतरी त्याचा हात राहिला, कुठे खांदा. आवाज मात्र तिने एका ठिकाणी मुद्दाम ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वेळेला आता गाण्यांची स्पर्धा लागते. मामा तिथे पडदा ओढतात. प्रकाशवाल्याला दुसरीकडे काम मिळालं. रेडिओवाली आपल्या रेडिओवर परत गेली. दादा घरीच असतो. महिन्या-दोन महिन्यांनी ड्रायव्हरकाकांकडे जाऊन येतो, असं वहिनी म्हणते. काकांचा मुलगा अजून आलेला नाही. काका दर वेळी दादाला विचारतात, तो आणखी काय म्हणाला होता. आणि दादा दर वेळी काहीतरी सांगतो.