कांताबाईची काठी हत्यार कशी झाली

मी कांताबाईची काठी बोलतेय. सरकारी कागदात माझं नाव 'बांबूचे हत्यार' असं लिहिलंय. हत्यार! अरे बाप्पा, आयुष्यात मी फार तर एखादं कुत्रं हाकललं असेल, तेही नुसतं दाखवायला. माझ्या बुडाला रबराचं बूच आहे, फरशीवर घसरू नये म्हणून. बूच लावलेलं हत्यार पाहिलंय का कुणी?

माझा जन्म भिवापूरकडचा, मिरचीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. कांताबाईचा गुडघा गेला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, देवरावनं, मला तिथून तोडून आणलं. निखाऱ्यावर शेकून मूठ वाकवली, जवसाचं तेल पाजलं, तिच्या कंबरेशी धरून धरून उंची कापली. "घे वं, हा तुहा तिसरा पाय," म्हणाला. तेव्हापासून मी तिच्या उजव्या हातात.

नागपूरच्या बेसा भागातल्या एका वस्तीत आमचं घर. कांताबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. वस्ती बहुतेक बौद्धांची. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की ती डाव्या हातानं भिंत नाहीतर कुंपण धरायची, मला उंच करायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "जय भीम!" हात जोडायला मोकळे नसायचे, म्हणून मीच वर जायची. साऱ्या वस्तीला हे ठाऊक होतं.

पलीकडच्या गल्लीतला दुर्गेश हिंदू घरातला, पण तिच्याच हातची खिचडी खाऊन वाढलेला. तोही सायकलवरून ओरडायचा, "जय भीम, मावशी!" पुढे तो पोलिसात शिपाई झाला. वर्दी अंगावर चढली तरी त्याचं हे चुकलं नाही. पोरगा साहेब झाला म्हणून आमची बाई केवढी मिरवायची!

मग अंगणवाडी बंद करायचं फर्मान आलं. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की नागपुरात मोर्च्यांना तोटा नसतो. वस्तीतल्या बायांनीही मोर्चा काढला. देवराव म्हणाला, "तू काहून जातं? तुले चालता येत नाही." कांताबाई म्हणाली, "माही काठी चालते ना!" मला तेव्हा कोण अभिमान वाटला.

लोखंडी कठड्यांपाशी मोर्चा अडवला. मागून रेटा आला. पुढे पोलीस, मागे बाया, मध्ये आम्ही. कांताबाईचा श्वास लागला होता, मुठीला घाम आला होता. तेवढ्यात कठड्यापलीकडे तिला दुर्गेश दिसला. गर्दीत आपलं माणूस दिसल्यावर तिला जो धीर आला, तो माझ्यापर्यंत पोचला. तिनं डाव्या हातानं कठडा धरला, मला वर केलं आणि हाक मारली, "जय भीम गा, दुर्गेश!"

घोषणांच्या गोंधळात ती हाक किती जणांना ऐकू आली असेल? दुर्गेशच्या शेजारच्या अधिकाऱ्याला फक्त मी दिसले. "काठी उगारली! उचला तिले!" तो ओरडला. मला हिसकावून घेतलं. कांताबाई वळून वळून दुर्गेशकडे पाहत होती. तो बुटांकडे पाहत राहिला. नंतर त्याच्या सहीचा जबाबही निघाला, की बाईनं मारायला काठी उगारली.

मला फडक्यात गुंडाळलं, लाखेची मोहोर लावली आणि गोदामात टाकलं. कांताबाईला जेलात नेलं. तिथं काय झालं, ते मला कोर्टात कळलं. ती रोज विनवायची, "माही काठी द्या जी, नाहीतर दुसरी एखादी द्या." उत्तर एकच, "हत्यार आत येत नाही." बराकीतल्या न्हाणीत शेवाळ होतं, धरायला काही नव्हतं. ती पडली, कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यात न्यायलाही उशीर केला. ऐकताना मला माझ्या बुचाची आठवण आली. मी तिथं असते तर ती पडली नसती हो!

जामिनावर सुटली ती चाकाच्या खुर्चीतच. नंदिनी नावाच्या वकीलबाईंनी तिच्या वतीनं दावा लावला: अटक बेकायदेशीर होती, आणि जेलात म्हाताऱ्या-अपंगांचा आधार यापुढे कुणी काढून घेऊ नये. सारं एका गोष्टीवर अडलं होतं. मी त्या दिवशी वर का गेले?

कोर्टात माझी मोहोर फोडली. ओळख पटवायला मला कांताबाईच्या हातात दिलं. तिनं मुठीवरून अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरले. त्याच वेळी पुकारा झाला आणि दारातून साक्षीसाठी दुर्गेश आत आला. सरकारच्या बाजूचा साक्षीदार.

कांताबाईनं त्याला पाहिलं. खुर्चीचा दांडा धरला. मी मनात म्हटलं, नको वं बाई, इथं नको! पण सवय कुठं जाते? मी सरळ वर गेले.

"जय भीम गा, दुर्गेश!"

सरकारी वकील ताडकन उठले. "पाहा मॅडम, अशीच उगारली होती!"

पण त्यांचं वाक्य संपायच्या आत दुर्गेशच्या तोंडून निघून गेलं होतं, "जय भीम, मावशी."

 न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. "शपथ द्या यांना," त्या म्हणाल्या. शपथ झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी बाई काय म्हणाल्या होत्या?"

दुर्गेशनं कोर्टात बसलेल्या त्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग कांताबाईच्या खुर्चीकडे. "हेच म्हणाल्या होत्या जी."

"आणि तुम्ही?"

 "साहेब बाजूले होते. मी त्या दिवशी जय भीम नाही म्हटलं."

मॅडमनी माझा फोटो काढून घ्यायला सांगितलं आणि मला कांताबाईला परत दिलं. निकाल अजून यायचाय. मी परत आले, पण तिचं चालणं परत आलं नाही. मी मांडीवर आडवी पडून असते, आणि माझ्या बुचाला आता माती लागत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

दुर्गेश हल्ली मागच्या गल्लीनं जातो. साक्षीनंतर त्याची बदली होणार म्हणतात. कांताबाई त्याच्या ड्यूटीच्या वेळेला दारात खुर्ची मांडायला लावते आणि मला मुठीत धरून बसते. देवराव चिडतो, "काहून वाट पाहून राहिली त्याची?" ती म्हणते, "खरं बोलला ना थो शेवटी."

वाचणाऱ्यांनो, जेलात म्हाताऱ्या माणसाची काठी काढून घेऊ नका. आणि गर्दीत माझ्यासारखी एखादी वर गेलेली दिसली, तर धावून जाण्याआधी खालची बाई काय म्हणून राहिली, तेवढं ऐका.